एका पीसीला तीन मॉनिटर: पुस्तकाच्या कामासाठी जोडणी कशी करावी?

पान_लावणारा (मिरज):

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे म्हणून धागा काढतोय.

मी मराठी पुस्तकांचं डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं जुळवणं) करतो. सध्या एका ज्येष्ठ संशोधकांचं हस्तलिखित हातात आहे. पानं स्कॅन होऊन आलीत. समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या आहेत, बाण काढून परिच्छेद इकडचे तिकडे नेलेत. एकाच स्क्रीनवर स्कॅन आणि इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आलटून पालटून बघायचं म्हणजे दर वेळी नजर ओळ सोडते. त्यात दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दाने झाली असेल तर मधली ओळ सरळ गाळली जाते. प्रूफात सापडली तर ठीक. नाही सापडली तर तशीच छापून जाते आणि पुस्तक जिथे जिथे पोचेल तिथे ती ओळ नसतेच. लेखकाने आयुष्यभर गोळा केलेल्या मजकुराचं असं होऊ नये, एवढंच मला हवंय.

मनात रचना अशी आहे: डाव्या हाताला उभी स्क्रीन, तिच्यावर हस्तलिखिताचं पूर्ण पान. समोर मुख्य मॉनिटर, त्यावर मांडणी. उजवीकडे छोटा, त्यावर शुद्धलेखनाचा कोश, मेल आणि लेखकाने पाठवलेली प्रूफं.

मशीन: इंटेल आय५ १२४००, एच६१० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोज ११, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए.

मॉनिटर: २४ इंची आयपीएस (एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए), २२ इंची (एचडीएमआय, व्हीजीए) आणि जुना १९ इंची चौकोनी (व्हीजीए, डीव्हीआय). तिन्ही चालू स्थितीत आहेत, नवीन घ्यायचा नाही.

इथल्या एका दुकानात विचारलं तर एचडीएमआय स्प्लिटर लावा, काम होईल असं सांगितलं. होईल का?

नागाळापार्क (कोल्हापूर):

दादा, स्प्लिटर घेऊ नका. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत दर महिन्याला कुणीतरी स्प्लिटर घेऊन येतं आणि विचारतं, दोन्हीकडे एकच का दिसतंय. स्प्लिटरचं कामच ते आहे. मंगल कार्यालयात दोन टीव्हींवर एकाच वेळी अक्षता दिसतात, तिथे तो बरोबर. तुम्हाला तिन्हीकडे वेगवेगळं हवंय, त्यासाठी कॉम्प्युटरमधून तीन स्वतंत्र आउटपुट निघायला पाहिजेत.

आता तुमचं गणित. कार्ड नसताना चित्र दिसतंय म्हणजे प्रोसेसर १२४००एफ नाही, साधा १२४०० आहे. शेवटी एफ असलेल्यांत आतलं ग्राफिक्स बंद असतं आणि बोर्डमागचे पोर्ट नुसते शोभेला राहतात. तुमच्या प्रोसेसरमधलं यूएचडी ७३० ग्राफिक्स एकापेक्षा जास्त स्क्रीन आरामात चालवतं, इंटेल चारपर्यंत सांगतं. पण बोर्डवाल्याने बाहेर पोर्ट दोनच काढलेत. म्हणजे दोन मॉनिटर आज, आत्ता, एक पैसाही न घालता चालतील: २४ इंची एचडीएमआयला, २२ इंची व्हीजीएला. आधी एवढं करून बघा. पुष्कळांचं समाधान दोनवरच होतं.

तिसऱ्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, यूएसबीला लागणारा डिस्प्लेलिंकचा अॅडॉप्टर. दुसरा, छोटं ग्राफिक्स कार्ड. तुमच्या कामाला मी कार्ड सांगेन. सविस्तर रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

इंट्राडे_नाशिक:

माझ्याकडे चार मॉनिटर आहेत, सगळे २२ इंची. दोन बोर्डवर, दोन जीटी ७३० कार्डवर. चार्ट, ऑर्डर विंडो, बातम्या वगैरे. सहा तास अखंड चालतात, कधी त्रास नाही. कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं, स्वस्तात मिळालं.

कार्ड लावल्यावर बोर्डवरचे पोर्ट बंद पडले होते. ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावे लागले. ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही.

नागाळापार्क:

नाशिककरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेगळं कार्ड बसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं. तिथे कुठे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' लिहिलेलं असतं, कुठे 'इंटर्नल ग्राफिक्स'. ते 'एनेबल्ड' करून सेव्ह करायचं. मग बोर्ड आणि कार्ड दोन्हींचे पोर्ट एकत्र चालतात आणि विंडोजला सगळा मिळून एकच डेस्कटॉप दिसतो.

पण आज नव्याने जीटी ७३० घेऊ नका. जे चालवताहेत त्यांनी जरूर चालवावं. मात्र त्या पिढीच्या नव्या ड्रायव्हरचं काम कंपनीने २०२१ मध्येच थांबवलंय. तिच्या जागी जीटी १०३० सुचवतात, तेही बघून घ्या. ते कार्ड एका वेळी दोनच स्क्रीन चालवतं. तीन पाहिजेत म्हणून घेतलं आणि तिसरी लागलीच नाही, असं व्हायला नको.

माझी शिफारस: ऑफिसांतून निघालेली वर्कस्टेशन कार्डं. क्वाड्रो पी६२० किंवा टी६००. दोन्हींना चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, चारही एकदम चालतात. वीज चाळीस वॉटच्या आसपास, म्हणजे एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. गेम खेळायला ही कार्डं काही कामाची नाहीत, पण पानं लावायला याहून चांगलं काही मला दिसत नाही. टी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, तेही चालेल.

जुनं घेताना एक विचारा: मोठी पट्टी सोबत आहे का? ही कार्डं बुटक्या पीसीतून काढलेली असतात, त्यांना आखूड पट्टी असते. तुमच्या उभ्या कॅबिनेटला ती स्क्रूने बसत नाही. मग कार्ड स्लॉटमध्ये लटकत राहतं आणि केबल ओढली की हलतं.

मुक्ता_प्रू (पुणे):

वाचतेय, आणि अगदी मनापासून लिहितेय कारण हे माझंच काम आहे. मी प्रूफं तपासते. गाळलेली ओळ पकडणं हे प्रूफातलं सगळ्यात अवघड काम आहे, कारण वाक्य पुष्कळदा तरीही लागतं. अर्थ बदललेला असतो, पण वाचताना अडखळायला होत नाही. मुळाशी ओळ न् ओळ ताडून बघितल्याशिवाय ती सापडतच नाही. म्हणून हा खर्च चैनीचा मानू नका.

उभ्या स्क्रीनबद्दल: नक्की करा. २४ इंची मॉनिटर आडवा असताना दिसणारा भाग साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच. म्हणजे खऱ्या आकारात पान जेमतेम मावतं, आणि वरची मेनूची पट्टी नि खालचा टास्कबार धरला तर मावतच नाही, सरकवावं लागतं. सरकवलं की ओळ गेली. तोच मॉनिटर उभा केला की पान १४० टक्के मोठं करूनही वरपासून खालपर्यंत एकदम दिसतं. समासातली बारीक अक्षरं वाचायला हे मोठेपण लागतंच.

फक्त पॅनेल (स्क्रीनचा आतला पडदा; टीएन, आयपीएस, व्हीए असे त्याचे प्रकार) कुठलं आहे ते बघा. २२ इंची टीएन पॅनेलचा असेल तर उभा करू नका. टीएन आडवा ठेवून डावी-उजवीकडून ठीक दिसतो, पण वरून-खालून बघितला की रंग पालटतात. उभा केल्यावर तोच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो. मग दोन डोळ्यांना पान वेगवेगळं उजळ दिसतं आणि तासाभरात डोकं चढतं.

पान_लावणारा:

सगळ्यांचे आभार. नागाळापार्क दादा, दोन मॉनिटर लगेच जोडून बघितले. चालले. एवढ्यानेच काम हलकं झालंय.

ताई, २२ इंचीचं पॅनेल कसं ओळखायचं? मागच्या स्टिकरवर काही लिहिलेलं नाही.

मुक्ता_प्रू:

मॉडेल नंबर टाकून बघा, तपशील सापडतो. नाही सापडला तर स्क्रीनवर फिकट राखाडी चौकोन उघडा आणि खुर्चीतून उठून वरून, मग खाली वाकून खालून बघा. राखाडी काळवंडला किंवा उलटा पांढुरका झाला तर टीएन. फारसा फरक पडला नाही तर आयपीएस किंवा व्हीए.

वायरमन_चिपळूण:

जोडणी करताना एका गोष्टीकडे लक्ष द्या, फार जण दुर्लक्ष करतात. अर्थिंग.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला नुसता चिमटा बसतो. पण एका बाजूला असा पीसी, दुसऱ्या बाजूला वेगळ्या बोर्डवर लावलेला मॉनिटर आणि चालू स्थितीत आपण केबल लावतोय, तर तो करंट नेमका केबलमधून धावतो. पोर्ट जळतो तो असा. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात असे पोर्ट गेलेले मी बघितलेत.

म्हणून: पीसी आणि तिन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तीन पिनांचे प्लग वापरा, तिसरी पिन तोडलेले अॅडॉप्टर नकोत. केबल लावताना सगळ्यांचा मेन स्विच बंद करा. आणि ज्या सॉकेटवर हे सगळं चालणार त्याचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. तेवढ्याने निम्मी कटकट कायमची मिटते.

इंट्राडे_नाशिक:

यूपीएसचं काय? आमच्याकडे दुपारी लाईट जाते.

वायरमन_चिपळूण:

साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत ओढतो. २२ ते २४ इंची एलईडी मॉनिटर वीस-पंचवीस वॉट खातो. तीन मॉनिटर आणि असा छोटा पीसी मिळून लोड पेलेल. मात्र बॅकअपचा वेळ घटेल. म्हणून यूपीएसवर पीसी आणि समोरचा एकच मॉनिटर घ्या. बाजूचे दोन बाहेरच्या लाइनवर, पण त्याच अर्थिंगच्या. लाईट गेली तर काम सेव्ह करण्यापुरता समोरचा पुरतो. लेझर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही, गरम होताना तो एकदम जोरात करंट खेचतो.

सनीवेल_कर:

अमेरिकेतल्या बे एरियातून लिहितोय. इथे ऑफिसात आम्ही एकाच डिस्प्लेपोर्टवरून मॉनिटरची साखळी लावतो. पीसीतून पहिल्या मॉनिटरला, पहिल्यातून दुसऱ्याला. या सोयीला एमएसटी म्हणतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये, म्हणजे २०१० साली ती आली. एका १.२ पोर्टमधून सेकंदाला सुमारे १७ गिगाबिट माहिती जाते आणि १०८० च्या एका मॉनिटरला ६० हर्ट्झवर साडेतीनच्या आसपास लागते. म्हणून एका पोर्टवर असे चार मॉनिटर बसतात. त्यासाठी मॉनिटरलाच डिस्प्लेपोर्ट 'आउट' असावा लागतो, नाहीतर एमएसटी हब लागतो. तुमच्या बोर्डला डिस्प्लेपोर्ट नाही, त्यामुळे हे आत्ता उपयोगाचं नाही, पण पुढे मशीन बदलाल तेव्हा डोक्यात असू द्या.

मॅकवाल्यांनी यात पडू नये. मॅकओएस एमएसटीच्या साखळीवर वेगवेगळं चित्र देत नाही, सगळीकडे तेच दाखवतं.

पान_लावणारा:

यूएसबीच्या अॅडॉप्टरला नागाळापार्क दादांनी मागे टाकलं, त्याचं कारण समजून घ्यायचंय. इथे एक मित्र तोच घे म्हणतोय. कॅबिनेट उघडावं लागत नाही म्हणे.

नागाळापार्क:

मित्राचं म्हणणं खोटं नाही. डिस्प्लेलिंकचा अॅडॉप्टर चांगला चालतो, लॅपटॉपला तर बऱ्याचदा तोच एक उपाय उरतो. पण त्यात चित्र आधी प्रोसेसर दाबून लहान करतो, मग यूएसबीवरून पाठवतो, मग अॅडॉप्टरमधली चिप ते उलगडते. पान स्थिर असेल तर फरक कळत नाही. स्कॅन भराभर वर-खाली केलं की किंचित मागे पडतं. दुसरं, ड्रायव्हर चढल्याशिवाय त्यावर काहीच दिसत नाही. विंडोजचा मोठा अपडेट आला की कधीकधी ड्रायव्हर पुन्हा घालावा लागतो. तुमचं हे रोजचं, पोटापाण्याचं काम आहे. यात जेवढे दुवे कमी तेवढं बरं. कार्ड एकदा बसलं की बसलं.

आणि बाजारात नुसतं 'यूएसबी टू एचडीएमआय' लिहिलेल्या अगदी स्वस्त डब्या मिळतात, त्यात डिस्प्लेलिंकची चिप असतेच असं नाही. घ्यायचाच असेल तर तेवढं विचारून घ्या.

केबलबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण पैसे वाया जातात ते इथे. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल एकाच दिशेने चालते. डिस्प्लेपोर्टची बाजू कॉम्प्युटरला, एचडीएमआयची बाजू मॉनिटरला. उलटी लावली तर चित्र येत नाही. एचडीएमआय आउटपुटवरून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायचा तर वेगळा, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, त्याला बहुतेकदा यूएसबीतून वीजही द्यावी लागते.

तुमच्या तिघांना असं: २४ इंचीला मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट. २२ इंचीला मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय. १९ इंचीला मिनी डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय. त्याला व्हीजीए असला तरी डीव्हीआयच वापरा. व्हीजीए अॅनालॉग आहे. लांब किंवा हलकी केबल असली की काळ्या अक्षरामागे पुसटशी दुसरी सावली पडते. अनुस्वार आणि रफार बघणाऱ्या माणसाला ती सावली सोसत नाही.

टक्स_डोंबिवली:

लिनक्सवर हेच कोणाला करायचं असेल तर: तीन मॉनिटर सहज चालतात. एक्सरॅंडर या कमांडने डावा फिरवायचा, जागा ठरवायच्या, झालं. अडतं ते एकाच ठिकाणी. एक मॉनिटर ४के आणि बाकीचे साधे असतील तर प्रत्येकाला वेगळं स्केलिंग (अक्षरांचा आकार) लिनक्सच्या जुन्या एक्स११ या डिस्प्ले प्रणालीवर नीट जमत नाही, नव्या वेलँडवर जमतं. तुमचे तिन्ही साधे आहेत, त्यामुळे हा प्रश्नच नाही.

डॉ_सातारा:

फिजिओथेरपिस्ट आहे. तीन मॉनिटर लावलेले लोक माझ्याकडे मानेसाठी येतात, म्हणून जागेबद्दल लिहिते.

ज्याच्याकडे दिवसातला बहुतांश वेळ बघणार तो मॉनिटर बरोबर नाकासमोर हवा. बाजूचे दोन्ही आपल्याकडे थोडे वळवून, आणि तिन्ही साधारण हाताच्या अंतरावर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली.

पान_लावणारा यांच्या कामात एक गोष्ट वेगळी आहे. तुम्ही डावीकडचं हस्तलिखित आणि समोरचं पान जवळजवळ सारखंच बघणार. मग समोरचा अगदी मध्ये ठेवू नका. उभी स्क्रीन आणि मुख्य स्क्रीन यांच्या मधली फट नाकासमोर आणा. नाहीतर दिवसभर मान डावीकडे वळलेली राहील. उजवीकडचा क्वचित बघायचा, तो लांब असला तरी चालेल.

चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का? असेल तर सगळे मॉनिटर अजून खाली घ्या. त्या चष्म्यात जवळचं बघायची जागा खालच्या भागात असते. स्क्रीन उंच असली की माणूस हनुवटी वर करून बघतो. उभी स्क्रीन तर मुळातच उंच असते, तिच्या वरच्या टोकाला हे जास्त होतं. तिची खालची कड टेबलाला टेकेपर्यंत खाली आणली तरी हरकत नाही.

मुक्ता_प्रू:

डॉक्टर, हनुवटीचं अगदी खरं. चष्मा बदलल्यापासून मान का दुखत होती ते आज कळलं. उद्याच मॉनिटर खाली घेते.

पान_लावणारा:

मंडळी, जोडणी झाली. तपशील देतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

कार्ड जुनं पी६२० मिळालं, मोठ्या पट्टीसकट. सगळे स्विच बंद करून बसवलं. आधी वायरमन बोलावून अर्थिंग बघितलं. त्या सॉकेटला अर्थिंगची वायर होती, पण आत सैल झाली होती. चिपळूणकर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या सॉकेटकडे बघितलंच नसतं. मनापासून आभार.

२२ इंची आयपीएस निघाला. त्याचा स्टँड फिरत नाही, पण मागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं होती. टेबलाला पकडणारा हात आणून त्यावर उभा बसवला. २४ ऐवजी २२ का उभा केला, तर मांडणीला मोठी स्क्रीन हवी होती. २२ इंची उभा केल्यावर ए४ पान १२५ टक्क्यांवर रुंदीला अगदी बरोबर बसतं आणि खाली हातभर नसली तरी चार बोटं जागा उरते. तिथे एक छोटी नोंदवही उघडून ठेवलीय, शंका असलेल्या जागा पान क्रमांकासह त्यात टिपतो. समोरच्या २४ इंचीवर डेमी (पुस्तकांचा एक नेहमीचा) आकाराची समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात, पॅनेल वगैरे सगळं धरून मावतात. समोरासमोरची पानं एकत्र दिसली की शेवटच्या ओळी एका रेषेत आहेत का, पानाच्या डोक्यावर परिच्छेदाची एकटी ओळ आली का, हे लगेच दिसतं.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन डावा 'पोर्ट्रेट' केला. तिथे दिसणारे मॉनिटरचे चौकोन माऊसने ओढून टेबलावर जसे आहेत तसे लावले. ते वर-खाली असले की माऊस कडेला अडकतो, म्हणून समोरच्याच्या मधोमध आणले.

दोन अडचणी उरल्यात. एक, २४ इंची बटणाने बंद करून पुन्हा चालू केला की त्यावरच्या विंडो दुसऱ्या मॉनिटरवर गेलेल्या असतात. दोन, जुन्या एका फॉन्ट सॉफ्टवेअरची विंडो उघडते पण कुठेच दिसत नाही, फक्त टास्कबारवर असते.

नागाळापार्क:

झकास काम झालं.

पहिलीचं कारण: डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बंद केला की पुष्कळदा विंडोजला तो उपटून नेल्यासारखा वाटतो, म्हणून तिथल्या विंडो ते दुसरीकडे हलवतं. सेटिंग्ज, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे विंडोंच्या जागा मॉनिटरच्या जोडणीनुसार लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. शिवाय जेवायला उठताना मॉनिटरचं बटण दाबू नका, विंडोज आणि एल दाबून लॉक करा, स्क्रीन आपोआप झोपतील.

दुसरी: ती विंडो आधी जिथे मॉनिटर होता त्या जागी, आता कुठलीच स्क्रीन नसलेल्या कोपऱ्यात उघडतेय. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, मग ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाचं कुठलंही एक बटण. त्यानंतर माऊस हलवला की विंडो माऊसला चिकटून येते. विंडोज, शिफ्ट आणि बाण यानेही एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारता येते, हे रोजच्या कामाला जास्त उपयोगी.

मुक्ता_प्रू:

पान_लावणारा, एक सुचवू? पांढरे रंग जुळवून घ्या. तीन वेगळे मॉनिटर शेजारी असले की एक पिवळट, एक निळसर दिसतो आणि डोळा दर वेळी जुळवून घेत बसतो. तिन्हींच्या मेनूत कलर टेंपरेचर ६५०० के करा आणि शेजारी एक कोरा कागद धरून ब्राइटनेस त्याच्याइतका खाली आणा. कारखान्यातून ब्राइटनेस फार वाढवून येतो.

आणि उभ्या स्क्रीनवर मराठी अक्षरांच्या कडा जरा रंगीत दिसत असतील तर क्लियरटाइप (विंडोजची अक्षरं गुळगुळीत करणारी सोय) त्या मॉनिटरसाठी पुन्हा जुळवा. अक्षर गुळगुळीत करताना ते स्क्रीनमधले लाल-हिरवे-निळे ठिपके आडवे आहेत असं धरून चालतं. उभ्या स्क्रीनवर ते एकाखाली एक येतात.

पान_लावणारा:

ताई, ६५०० केलं, आणि ब्राइटनेस तर निम्म्याच्या खाली आला. संध्याकाळी डोळे चुरचुरत होते ते थांबलं. रंगीत कडांचा बंदोबस्त उद्या करतो. दादा, हरवलेली विंडो मिळाली.

हस्तलिखिताचं तिसरं प्रकरण या रचनेवर जुळवून झालं. मूळ पान आणि जुळवलेलं पान शेजारी ठेवून प्रूफाला पाठवायच्या आधी मीच एकदा ओळ न् ओळ ताडतो आता. एक गाळलेली ओळ तिथेच सापडली, दोन ओळी 'त्यानंतर' या शब्दानेच सुरू होत होत्या.

इंट्राडे_नाशिक:

वाचनखूण साठवली. पी६२० चा चौथा पोर्ट रिकामा आहे ना तुमचा? लेखक येऊन शेजारी बसतात तेव्हा त्यांच्यासाठी घरातला टीव्ही लावता येईल का?

नागाळापार्क:

येईल की. मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल. दोन मीटरच्या आत असेल तर साधी चालेल. टीव्ही लांब भिंतीवर असेल तर तशीच लांब डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल घेऊ नका. छोटा अॅडॉप्टर आणि पुढे चांगली एचडीएमआय केबल घ्या. आणि लेखकांना फक्त मांडणीच दाखवायची असेल तर डिस्प्लेच्या पानावर टीव्ही नि २४ इंची तेवढे दोन निवडून 'डुप्लिकेट' करा, बाकी दोन जसेच्या तसे राहतात. मिनी डिस्प्लेपोर्टला खटका नसतो, त्यामुळे जड केबल लोंबकळू देऊ नका, मागे कॅबिनेटला एक टाय मारून ठेवा.